इंग्लंडमध्ये जुनी इटालियन कूपे घ्यायचीये? पैसे द्यायच्या आधी हे बघून घ्या

इंग्लंडला आलेल्या आपल्या लोकांची पहिली गाडी जवळपास ठरलेली असते, एखादी जपानी हॅचबॅक नाहीतर जर्मन डिझेल, आणि त्यात चुकीचं काहीच नाही, मुलांना शाळेत सोडायचं असतं, शनिवारी इंडियन दुकानातून पिठाची गोणी आणायची असते, रोजचं ऑफिस असतं. पण ज्याला गाडी चालवायला मनापासून आवडते, पार्किंगमध्ये एखादी देखणी गाडी उभी दिसली की ज्याचे पाय आपोआप तिकडे वळतात, त्याला मी नेहमी सांगतो की घरात ती कामाची गाडी असू दे आणि जमेल तेव्हा तिच्या शेजारी एक जुनी इटालियन कूपे, म्हणजे दोन दारांची उतरत्या टपाची गाडी, आणून लाव. इथं ते खरंच परवडतं. चार सिलिंडरची अल्फा रोमिओ जीटी किंवा जीटीव्ही, बऱ्या स्थितीतली, साधारण तीन ते पाच हजार पाउंडात सापडते, म्हणजे दहा-बारा वर्षं जुन्या कुठल्याही साध्या हॅचबॅकला जेवढे जातात तेवढेच.

आणि तेवढ्या पैशात काय मिळतं ते बघा. जीटी बेर्तोनेने काढलेली, २००३ साली आली आणि २०१० पर्यंत बनली. जीटीव्ही पिनिनफरिनाच्या एन्रिको फुमियाची, १९९४ च्या पॅरिस शोमध्ये पहिल्यांदा दाखवली. फियाट कूपेची बाहेरची बॉडी ख्रिस बँगलची, हाच माणूस पुढे बीएमडब्ल्यूचा डिझाइन प्रमुख झाला, आतलं केबिन पिनिनफरिनाचं, आणि गाडी बांधायचं कामही पिनिनफरिनाच्याच कारखान्यात. अल्फाचीच ब्रेरा ज्युजारोची. ज्या स्टुडिओंनी फेरारी आणि लँबोर्गिनी काढल्या त्यांच्याच हातच्या या गाड्या आहेत, आणि ते जवळ गेल्यावर कळतं. जीटीव्हीच्या दारावरून मागे चढत जाणारी ती रेघ फोटोत कितीही वेळा बघितली असली तरी प्रत्यक्षात उन्हात बघायची मजा वेगळी. फियाट कूपेत डॅशबोर्डवर बॉडीच्या रंगाची पत्र्याची पट्टी आडवी जाते, पिवळ्या गाडीत पिवळी, लाल गाडीत लाल, आणि दाराचं हँडल दारावर नसतंच, मागच्या खांबात लपवलेलं असतं. आपल्यासाठी फियाट म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी, नाहीतर रांजणगावातून निघालेली पुंटो आणि लिनिया, त्यामुळे त्याच कंपनीने असं काही बनवलं होतं हे कित्येकांना इथं आल्यावरच कळतं.

मग एवढी देखणी गाडी एवढी स्वस्त का, हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण सगळी खरेदी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. एक तर जुनी बदनामी, सत्तरच्या दशकात अल्फाच्या अल्फासूद नावाच्या छोट्या गाड्या इतक्या गंजल्या की इथल्या लोकांच्या मनातून ते अजून गेलेलं नाही. दुसरं कारण टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन ताळ्यात ठेवणारा पट्टा. अल्फाच्या चार सिलिंडरच्या ट्विन स्पार्क इंजिनाचा बेल्ट ७२,००० मैलांवर बदला असं सुरवातीला कंपनीचं शेड्यूल होतं, प्रत्यक्षात बेल्ट आणि टेन्शनर तेवढे टिकत नव्हते, लोक पुस्तकावर विश्वास ठेवून चालवत राहिले, बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनाचा खेळ खलास, आणि नाव खराब झालं गाडीचं. तिसरं असं की किंमत पडली की गाडी अशा माणसाकडे जाते ज्याला ती फक्त स्वस्त म्हणून हवी असते, तो सर्व्हिसिंग टाळतो, गाडी आणखी बिघडते, पुढच्याला आणखी स्वस्तात देतो. म्हणजे बाजारात एकाच मॉडेलच्या दोन अगदी वेगळ्या गाड्या फिरतायत, एक जिवापाड जपलेली आणि एक टाळाटाळ करत रखडवलेली, आणि दोघींच्या जाहिरातीतल्या किमतीत फरक असतो जेमतेम हजार-दीड हजाराचा. तुमचं काम एवढंच की पहिली ओळखायची आणि तिच्यासाठी ते हजार-दीड हजार आनंदाने जास्त द्यायचे. खाली जे काही लिहितोय ते सगळं या ओळखण्याबद्दलच आहे.

कुठली घ्यायची

पहिलीच इटालियन गाडी असेल तर माझं मत सरळ अल्फा जीटी. खाली अल्फाच्याच १५६ चा सांगाडा, आत अल्फा १४७ चा डॅशबोर्ड, त्यामुळे मेकॅनिकल पार्ट अजून सहज मिळतात, आणि कूपे असूनही चार माणसं खरंच बसतात, मागे ३२० लिटरची डिकी आहे, ती पण हॅचबॅकसारखी पूर्ण वर उघडणारी, दोन मोठ्या बॅगा घेऊन हीथ्रोला कुणाला आणायला जाता येतं. एकच कटकट म्हणजे टर्निंग सर्कल मोठं आहे, अरुंद गल्लीत एका फटक्यात वळत नाही.

इंजिनं चार. १.८ ट्विन स्पार्क १४० हॉर्सपॉवर, साधं, माहितीतलं, कुठलाही अल्फावाला मेकॅनिक डोळे मिटून करेल असं. २.० जेटीएस १६५ हॉर्सपॉवर, यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, आणि यातल्या काही गाड्यांना सेलेस्पीड गिअरबॉक्स आहे, क्लचचा पेडल नसलेला, तो मी टाळेन, बिघडला की हायड्रॉलिक पंपापासून सगळं बघत बसावं लागतं आणि ते समजणारे लोक कमी आहेत. १.९ जेटीडीएम डिझेल १५० हॉर्सपॉवर, लांब मोटरवेला उत्तम, आपल्याकडच्या स्विफ्ट-इंडिकातल्या १.३ मल्टिजेटचा मोठा भाऊच, एव्हरेज मस्त, पण लंडनच्या आसपास राहात असाल तर नको, त्याचं कारण पुढे येतंय.

आणि मग ३.२ व्ही-६. याच्यावर थोडं जास्त लिहितो कारण याच्यासाठीच लोक वेडे होतात आणि बरोबर होतात. जुझेप्पे बुस्सो नावाच्या इंजिनिअरने हे इंजिन केलं, पहिल्यांदा १९७९ मध्ये २.५ लिटरचं अल्फा ६ मध्ये आलं, आणि वाढत वाढत जीटीमध्ये ३.२ लिटर, २४० हॉर्सपॉवरपर्यंत पोचलं. बॉनेट उघडलं की वरच सहा चकचकीत क्रोमचे इनटेक पाइप दिसतात, आजच्या गाड्यांसारखं काळ्या प्लास्टिकखाली झाकलेलं नाही, कारण ते दिसावं अशीच इच्छा होती. चार हजार आरपीएमच्या पुढे त्याचा आवाज जो बदलतो तो मी इथं शब्दात मांडू शकत नाही, टेस्ट ड्राइव्हला रेडिओ बंद ठेवून काच खाली करा म्हणजे समजेल. अरेझेच्या कारखान्यात २००५ च्या शेवटी हे इंजिन बनणं थांबलं आणि त्यानंतर काही दिवसांतच, ३ जानेवारी २००६ ला, बुस्सो गेले. या इंजिनाची किंमत आता वर चाललीये, चांगल्या जीटी व्ही-६ ला चार सिलिंडरच्या जवळपास दुप्पट मोजावे लागतात, पण परवडत असेल तर घ्या, असं इंजिन परत कुणी बनवणार नाही.

जीटीव्ही जास्त सुंदर, जास्त अवघड. मागच्या सीट फक्त जॅकेट टाकायला, डिकी नावापुरती, पुढचे दिवे बॉनेटच्या भोकांतून बाहेर डोकावणारे छोटे गोल, दिसायला झकास पण गावाकडच्या अंधाऱ्या रस्त्यावर उजेड कमी. मागचं सस्पेन्शन मल्टिलिंक आहे, वळणावर गाडी जी चिकटते ती त्याच्यामुळे, पण त्याचे बुश झिजले की मागचे टायर आतून खायला लागतात. बॉडीचे पार्ट मिळणं कठीण होत चाललंय, विशेषतः ते मोठं एका तुकड्यातलं बॉनेट, म्हणून पुढून ठोकलेली जीटीव्ही कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

फियाट कूपे १९९३ ते २०००. २० व्हॉल्व्ह टर्बो म्हणजे पाच सिलिंडर, २२० हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर साडेसहा सेकंदांत आणि टॉप स्पीड २५०, त्या काळात पुढच्या चाकांवर चालणारी इतकी वेगवान गाडी शोधून सापडत नव्हती. अडचण ही की टायमिंग बेल्टपर्यंत हातच नीट पोचत नाही, बहुतेक स्पेशालिस्ट इंजिन खाली उतरवूनच बेल्ट बदलतात, त्यामुळे ते बिल जीटीच्या बिलापेक्षा बरंच मोठं येतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडे जाणं पण यात नेहमीचं. ज्याने नुकतंच हे सगळं करून घेतलंय आणि आता विकतोय असा माणूस भेटला तर मात्र ती गाडी हातची घालवू नका.

ब्रेरा दिसायला सगळ्यात नवी वाटते, अजूनही माणसं वळून बघतात, पण जड आहे, व्ही-६ फोर व्हील ड्राइव्ह तर १,६०० किलोच्या वर, आणि तिच्यातलं व्ही-६ हे बुस्सोचं नाही, जनरल मोटर्सच्या ब्लॉकवरचं आहे. २.२ जेटीएस आणि ३.२ दोन्हींना बेल्टऐवजी चेन आहे, ऐकायला बरं वाटतं, पण ऑइल वेळेवर बदललं नसेल तर चेन ताणली जाते आणि ते काम बेल्टच्या कितीतरी पट महाग. ब्रेरा बघताना ऑइलची बिलं हीच मुख्य गोष्ट.

स्वस्तात मिळतेय म्हणून मासेराटी ३२०० जीटीकडे बघत असाल तर थांबा. बूमरँगच्या आकाराचे ते मागचे दिवे मलाही फार आवडतात, पण ती गाडी घेताना स्वस्त असते, पार्ट मात्र मासेराटीच्याच भावाचे.

गाडी बघायला निघायच्या आधी

इथली एक सोय मला फार आवडते, आपल्याकडे पण असायला हवी होती. कुठल्याही गाडीचा नंबर सरकारी वेबसाइटवर टाका, २००५ पासूनचा तिचा सगळा एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास फुकटात समोर येतो, दरवर्षी मीटर किती होता, कशात फेल झाली, पास झाली तेव्हा काय काय लक्ष ठेवा म्हणून लिहून दिलं होतं. हे कथा वाचल्यासारखं सुरवातीपासून वाचायचं. एका वर्षी पुढचा विशबोन (चाकाला धरणारा सस्पेन्शनचा दांडा) झिजलाय असं लिहिलंय आणि पुढच्या वर्षी ते वाक्य गायब आहे, म्हणजे मालकाने काम करून घेतलं. तेच वाक्य तीन वर्षं तसंच येतंय आणि चौथ्या वर्षी फेल, म्हणजे मालक ढकलगाडी करणारा. गंज हा शब्द कुठं कुठं आलाय ते वेगळं लिहून घ्या. वर्षाला शे-दोनशे मैलच चाललेली गाडी बघून खूश होऊ नका, उभ्या गाडीचे सील वाळतात, ब्रेक धरतात, आणि बेल्टचं वयही वाढतच असतं, त्याला मैलांशी देणंघेणं नसतं.

मग फोन. फोनवर पहिला प्रश्न किमतीचा नाही, बेल्टचा. कधी बदलला, किती मैलांवर, कुणी बदलला, बिल आहे का, आणि वॉटर पंप, टेन्शनर त्याच वेळी बदलले का. ट्विन स्पार्क असेल तर व्हेरिएटर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ मागेपुढे करणारा भाग, पण त्याच वेळी केला का हे विचारा. ज्याला आपली गाडी माहितीये तो तारखेसकट सांगतो, कित्येकदा आपणहून आणखी दहा गोष्टी सांगत बसतो. जो म्हणतो की बेल्ट आधीच्या मालकाने केला असावा, त्याच्याकडे बेल्ट झालेलाच नाही असं धरून हिशोब करायचा. स्पेशालिस्ट लोक ट्विन स्पार्कसाठी ३६,००० मैल किंवा तीन-चार वर्षं आणि व्ही-६ साठी साधारण ६०,००० मैल किंवा पाच वर्षं धरतात, यातलं जे आधी येईल ते.

अपघात झालेली आहे का, कर्ज बाकी आहे का, चोरीची आहे का, यासाठी थोडे पाउंड मोजून हिस्टरी चेक करून घ्याच. ऑक्टोबर २०१७ नंतर इन्शुरन्सवाल्यांनी राइट ऑफ केलेल्या, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून सोडून दिलेल्या, पण दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाड्यांना कॅटेगरी एस किंवा एन लावतात, एस म्हणजे सांगाड्याला मार बसलेला. एस मी घेणार नाही. एन, म्हणजे पत्र्याचं वगैरे नुकसान, कागद आणि फोटो नीट असतील तर विचार करता येतो, फक्त भाव त्या हिशोबाने.

आणि निघायच्या आधी शेवटचं, समोरच्याला सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका.

समोर गेल्यावर

पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विचारा का, आणि सरळ सांगा की थंड झाल्यावर परत बघू. कारण या इंजिनांची सगळी दुखणी थंड असतानाच बोलतात. ट्विन स्पार्क थंड चालू केल्यावर पहिले काही सेकंद डिझेलसारखा खडखडाट आला तर तो व्हेरिएटर, जीव जाणारं दुखणं नाही, पण बेल्टच्याच कामात बदलायची वस्तू आहे म्हणून भावात धरायचं. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर ऑइल जळतंय. ट्विन स्पार्क थोडं ऑइल पितेच, ते या इंजिनाच्या स्वभावात आहे, पण मालक लेव्हल बघत नसेल तर बेअरिंग जातात, म्हणून डिपस्टिक तुम्ही स्वतः काढून बघा, पातळी खालच्या खुणेच्या आसपास असेल तर त्या माणसाच्या निगराणीबद्दल तेवढ्यातच सगळं कळलं.

चार सिलिंडरच्या या इंजिनाला प्लग आठ असतात, प्रत्येक सिलिंडरला दोन, नावच त्यावरून पडलं. कित्येक गॅरेजवाले कंटाळा करून अर्धेच बदलतात, बिलात आठ आहेत का बघा.

मग खाली वाका. लाज वाटून घेऊ नका, जुनी चटई सोबत न्या आणि खरंच आडवे व्हा. जीटी आणि १४७, १५६ या सगळ्या घराण्यात गंज वरून दिसत नाही, वरचा पत्रा चांगला गॅल्व्हनाइज्ड आहे, पण खाली पुढच्या चाकांच्या मागे फ्लोअर आणि सिल (दाराखालचा पत्रा) गंजतात, आणि पुढचा सबफ्रेम. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ना, त्याचा हा प्रताप. प्लास्टिकच्या कव्हरमागे टॉर्च मारा, नुसता लालसर थर असेल तर चालतं, पापुद्रे सुटत असतील, बोटाने दाबल्यावर पत्रा आत जात असेल तर तिथंच धन्यवाद म्हणून निघा, वेल्डिंगचं काम सुरू झालं की संपत नाही. व्ही-६ असेल तर ऑइल कूलरचे पाइप पण बघा, ते गंजून गळतात.

टायर चारही बघा, फक्त किती उरलेत ते नाही तर आतल्या बाजूने जास्त झिजलेत का ते. आणि कुठल्या कंपनीचे आहेत ते. चारही चाकांना एकाच चांगल्या ब्रँडचे टायर म्हणजे मालकाने पैसा जिथं टाकायचा तिथं टाकलाय, चार चाकांना चार अनोळखी नावं असली की बाकीच्या गाडीतही तेच असणार.

आत बसून प्रत्येक बटण दाबा. प्रत्येक. काचा पूर्ण खाली-वर, एसी, सेंट्रल लॉक, ब्रेरा असेल तर काचेच्या टपाखालचा पडदा. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का बघा, अजिबात लागलाच नाही तर कुणीतरी तो काढून ठेवलाय. लागून राहिला तर बहुतेक वेळा सीटखालचं कनेक्टर सैल झालेलं असतं, थोडक्यात सुटतं, पण तो दिवा लागलेला असताना एमओटी मिळत नाही, त्यामुळे भाव करताना उपयोगी मुद्दा.

टेस्ट ड्राइव्ह

वीस मिनिटं तरी हवीच, आणि त्यात स्पीडब्रेकर, थोडा खराब रस्ता आणि थोडा मोटरवे असं तिन्ही. इन्शुरन्सचं आधी बघून ठेवा, एक दिवसाची पॉलिसी मिळते.

स्पीडब्रेकरवरून हळू जाताना पुढून जुन्या पलंगासारखा कुईकुई आवाज आला की वरचे विशबोन गेलेत. जीटीचं हे सगळ्यात नेहमीचं दुखणं, पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे, स्टिअरिंग जे एवढं तरतरीत आणि हलकं वळतं ते त्याचंच देणं, त्यामुळे काही वर्षांनी ते बदलावे लागणार हे मनात धरूनच गाडी घ्यायची. घाबरायचं कारण नाही, भाव पाडायचं आहे. खट्खट् असा आवाज आला तर अँटिरोल बारच्या लिंक, त्या स्वस्तात होतात. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा, टकटक आली की सीव्ही जॉइंट.

टेंपरेचरचा काटा ९० च्या आसपास येऊन स्थिर राहायला हवा. मोटरवेला खाली खाली येत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, डिझेलमध्ये हे फार दिसतं, ट्रॅफिकमध्ये वर चढत असेल तर मात्र प्रकरण गंभीर असू शकतं. दुसरा गिअर थंड असताना टाकून बघा, घासल्याचा आवाज आला तर सिंक्रो झिजलाय. डिझेलला क्लच सोडताना खालून थरथर आली तर ड्युअल मास फ्लायव्हील, मोठं बिल. ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागे काळ्या धुराचा लोट आला तर ईजीआर आणि इनटेकचे स्वर्ल फ्लॅप बघायला लागतील.

जीटीच्या व्ही-६ ला एक खास गोष्ट, तिची ताकद पुढच्या दोन चाकांवर जाते आणि आतला साधा डिफरेन्शियल, दोन चाकांत ताकद वाटणारा भाग, ते कायम सोसू शकत नाही. तो फुटला तर गिअरबॉक्सची केसिंग घेऊन जातो. म्हणून आधीच्या मालकाने क्यू-टू किंवा तसला लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल बसवलाय का हे विचारा, बसवलेला असेल आणि बिल असेल तर त्या गाडीला पाच-सातशे पाउंड जास्त द्यायला मी एका पायावर तयार असतो. वॉटर पंप प्लास्टिकच्या पंख्याऐवजी धातूच्या पंख्याचा बसवलाय का हेही बघायचं.

जाऊन आल्यावर इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं गप्पा मारा. रेडिएटरचा पंखा चालू होतो का बघा, आणि खाली काही थेंब पडतायत का.

स्वतःला एवढं कळत नसेल तर अल्फा स्पेशालिस्टकडे नेऊन तपासून घ्या, दीड-दोनशे पाउंड जातील. फियाट कूपे टर्बो आणि कुठलीही व्ही-६ असेल तर तुम्हाला कळत असलं तरी न्या.

टॅक्स, यूलेझ, इन्शुरन्स

इथं लोक गाफील राहतात. मार्च २००१ नंतर रजिस्टर झालेल्या गाड्यांचा रोड टॅक्स धुरातल्या कार्बनवर आहे, आणि २३ मार्च २००६ ही तारीख पाठ करून ठेवा. त्याच्या आधी रजिस्टर झालेली व्ही-६ कितीही धूर सोडत असली तरी टॅक्सच्या बँड के (टप्प्याच्या) वर जात नाही, त्या तारखेपासून पुढची थेट बँड एम मध्ये जाते. गाडी तीच, इंजिन तेच, आणि टॅक्समध्ये वर्षाला तीनशे पाउंडांच्या वर फरक. दोन सारख्या व्ही-६ समोर असतील तर आधी रजिस्ट्रेशनची तारीख बघा.

लंडनचा यूलेझ, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणारा विभाग, २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंना, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या भागांना, लागू झालाय, नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पाउंड. पेट्रोलला युरो ४ पुरतं, डिझेलला युरो ६ लागतं, आणि जीटी किंवा ब्रेराची कुठलीच डिझेल युरो ६ नाही. म्हणून हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो भागात राहणाऱ्या आपल्या लोकांनी डिझेलचा नाद सोडा. फियाट कूपे आणि जुन्या जीटीव्ही बहुतेक पेट्रोल असूनही बसत नाहीत. प्रत्येक गाडीचा नंबर टीएफएलच्या, म्हणजे लंडनच्या वाहतूक खात्याच्या, साइटवर टाकून बघा, अंदाजावर जाऊ नका.

इन्शुरन्सला साध्या कंपन्यांपेक्षा क्लासिक गाड्यांच्या पॉलिसी कित्येकदा स्वस्त पडतात, अट एवढीच की मैल कमी आणि घरात दुसरी रोजची गाडी हवी. ॲग्रीड व्हॅल्यू मागून घ्या, म्हणजे गाडीची किंमत आधीच लिहून ठरलेली, नाहीतर उद्या कुणी ठोकलं तर जुनी अल्फा म्हणून हातावर हजार पाउंड टेकवतील. भारतीय लायसन्सवर इथं राहायला आल्यापासून बारा महिने चालवता येतं पण प्रीमियम अंगावर येतो, इथलं लायसन्स काढून मगच ही गाडी बघा.

पैसे देताना

विकणाऱ्याच्या घरी जाऊनच व्यवहार करा, आणि तो पत्ता लॉगबुकवरच्या पत्त्याशी जुळतो का बघा. लॉगबुक हा मालकीचा पुरावा नाही, त्यावर फक्त गाडी कुणाच्या नावावर चालते ते असतं, म्हणून खरेदीची सहीची पावती वेगळी लिहून घ्या. आधीच्या मालकाचा रोड टॅक्स तुम्हाला मिळत नाही, त्याच्या दारातून निघायच्या आधी फोनवरून स्वतःच्या नावाने भरायचा. डीलरकडून घेतली तर खराबी निघाल्यास ३० दिवसांत परत करायचा हक्क कायद्याने असतो, खाजगी माणसाकडून घेतली तर जवळजवळ काहीच नाही, तरीही या गाड्या मी खाजगी माणसाकडूनच घ्या म्हणेन, आणि शक्यतो ओनर्स क्लबच्या मेंबरकडून. क्लबातला माणूस गाडी विकताना दोन किमती सांगत नाही आणि फाइल टेबलावर आधी ठेवतो.

भाव करताना गाडीला नावं ठेवू नका. इथल्या लोकांना ते फार लागतं, आणि ज्याने पंधरा वर्षं एखादी गाडी जपलीये तो तुम्हाला द्यायची नाही असंही ठरवू शकतो. बेल्टला इतके, विशबोनला इतके, टायरला इतके, असा कागदावर हिशोब दाखवा, पटतं.

बजेट पाच हजार असेल तर गाडी साडेतीनची घ्या, दीड हजार बाजूला. पहिल्या महिन्यात बेल्टचं पक्कं बिल नसेल तर बेल्ट, वॉटर पंप, सगळी ऑइलं, कूलंट, ब्रेक फ्लुइड, गरज असेल तर विशबोन, हे सगळं एकदम एका स्पेशालिस्टकडून करून घ्या. खालचा पत्रा स्वच्छ करून गंजरोधक मेण मारून घ्या, हे काम उन्हाळ्यात, सगळं कोरडं असताना.

त्यानंतर गाडी वापरा. दर आठवड्याला एकदा तरी नीट गरम होईल एवढी, अर्धा तास. दर दुसऱ्या पेट्रोलला डिपस्टिक. इंजिन गरम व्हायच्या आत तीन हजाराच्या वर नेऊ नका, आणि गरम झाल्यावर मात्र मोकळ्या रस्त्यावर अधूनमधून मनसोक्त वर जाऊ द्या, ही इंजिनं त्यासाठीच बनलीत. पीक डिस्ट्रिक्टमध्ये स्नेक पासला किंवा वेल्समध्ये ब्रेकन बीकन्सला पहाटे लवकर जा, मेंढ्या रस्त्यावर असतात तेवढं सांभाळा.

आणि बरेच जण विचारतात म्हणून, परत जाताना ती पुण्याला नेता येईल का, तर नाही. भारतात आणायच्या जुन्या गाडीचं वय तीन वर्षांपेक्षा जास्त चालत नाही, आणि वर ड्युटी प्रचंड, त्यामुळे या सगळ्या गाड्या त्यात बसतच नाहीत. जायचं ठरलं की निदान दोन-तीन महिने आधी विकायला काढा, शक्यतो एप्रिल-मेमध्ये, ऊन पडायला लागलं की कूपेची चौकशी वाढते, नोव्हेंबरात कुणी फिरकत नाही. एमओटी ताजा करून घ्या, बिलं तारखेप्रमाणे लावा, दोन्ही किल्ल्या शोधून ठेवा, दुसरी किल्ली नसली की समोरचा लगेच दोनशे पाउंड खाली येतो.